रेडिओट्रॉनची चौथी आवृत्ती: जुनी प्रत, पुनर्मुद्रण आणि स्कॅन

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांच्या रेडिओंवर काम करणाऱ्यांमध्ये जुन्या पुस्तकांचा विषय निघाला की एक नाव हमखास येतं: रेडिओट्रॉन डिझायनर्स हँडबुक, संपादक एफ. लँगफर्ड-स्मिथ. हे पुस्तक सिडनीच्या अमाल्गमेटेड वायरलेस व्हॉल्व्ह कंपनीसाठी काढलेलं. पहिली आवृत्ती १९३४ ची, तिसरी १९४० ची, आणि जिच्यामुळे त्याचं नाव जगभर झालं ती चौथी १९५२ ची. अमेरिकेत आरसीए या रेडिओ कंपनीने तिचं वितरण केलं. ब्रिटनमध्ये इलिफने ती 'रेडिओ डिझायनर्स हँडबुक' या नावाने छापली आणि १९९७ मध्ये न्यून्सने तिचं पुनर्मुद्रण काढलं. १० लेखक, २३ सहयोगी अभियंते, ७ भाग, ३८ प्रकरणं आणि जवळपास दीड हजार पानं. हे परीक्षण या चौथ्या आवृत्तीचं आहे.

जुन्या इलेक्ट्रिकल आणि रेडिओच्या पुस्तकांची ओढ अनेकांना असते. कापडी बांधणी, शाईने काढलेल्या आकृत्या, एकमेकींवरून जाताना अर्धवर्तुळाकार उडी मारणाऱ्या तारा, घडी घालून आत बसवलेले तक्ते. हे सगळं देखणं आहेच. पण ही पुस्तकं मनात घर करतात ती त्यांच्या पद्धतीमुळे. नियम सांगायचा, तो कुठपर्यंत चालतो ते सांगायचं, आकडे घालून उदाहरण सोडवायचं आणि हातातल्या सुट्या भागापर्यंत वाचकाला नेऊन पोचवायचं. बाकीच्या चांगल्या पुस्तकांतून 'का' कळतं. रेडिओट्रॉन त्यापुढे जाऊन 'किती' ते सांगतं, आणि दुरुस्तीच्या टेबलावर प्रश्न बहुतेक वेळा 'किती' हाच असतो. म्हणून या पुस्तकाची कसोटी आठवणींवर नको, कामावर घ्यायला हवी. पुढची उदाहरणं त्यासाठीच.

कॉइल गुंडाळताना

समजा मीडियम वेव्हच्या सेटची अँटेना कॉइल गेली आहे आणि गँग (डायलबरोबर फिरणारा ट्यूनिंगचा कंडेन्सर) ३६५ पिकोफॅरडची आहे. डायलचं खालचं टोक ५३० किलोहर्ट्झला आणायचं तर सुमारे २४७ मायक्रोहेन्री हवेत. इंडक्टन्सच्या हिशोबाचं दहावं प्रकरण उघडलं की एका थराच्या कॉइलसाठी व्हीलरचं सूत्र मिळतं: त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, त्याला भागिले नऊपट त्रिज्या अधिक दहापट लांबी. मापं इंचांत घालायची, उत्तर मायक्रोहेन्रीत येतं. लांबी त्रिज्येच्या ०.८ पटीहून जास्त असेल तर चूक एका टक्क्याच्या आसपासच राहते. सूत्राबरोबर त्याची मर्यादाही लिहिलेली असणं, हे या पुस्तकाचं वळण आहे.

१ इंच व्यासाची नळी आणि सव्वा इंच लांबी धरली की १३० वेढे येतात. आता तार निवडायची. ३४ गेजची एनॅमल तार उघडी ०.००९२ इंच जाड असते, एनॅमलसह ०.०१ इंचाच्या आसपास जाते. म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले १३० वेढे सव्वा नव्हे, १.३ इंच जागा घेतात. कॉइल लांबली की इंडक्टन्स घटतो, इथे तो २४१ वर येतो. कागदावरचा हिशोब दोन वेढे वाढवायला सांगतो. पण ट्रिमर (जुळवणीचा छोटा कंडेन्सर) आणि वायरिंगची मिळून वीस-पंचवीस पिकोफॅरड गँगमध्ये भर पडते, त्यामुळे १३० वेढ्यांवरच थांबलं तरी खालचं टोक ५२० किलोहर्ट्झच्या जवळ पोचतं. मग डायलवर जागा जुळवायला ट्रिमर आणि कॉइलमध्ये आत-बाहेर फिरणारा कोअर आहेत.

इथे एक खड्डा आहे. सूत्र इंचांचं आहे आणि आजच्या वाचकाच्या हातात सेंटिमीटरची पट्टी असते. सेंटिमीटर घालून काढलेलं उत्तर २.५४ पट मोठं येतं, म्हणून शेवटी २.५४ ने भागायचं. हा भागाकार राहिला तर १३० ऐवजी ८१-८२ वेढ्यांतच काम झालं असं वाटतं, आणि प्रत्यक्षात खालचं टोक ५३० ऐवजी ८४५ किलोहर्ट्झला येऊन थांबतं. खालच्या निम्म्या डायलवर काहीच लागत नाही आणि शंका मात्र गँगवर जाते. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने '÷ २.५४' लिहून ठेवावं.

कपलिंग कंडेन्सर आणि आउटपुट व्हॉल्व्ह

दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या सेटांत सर्वांत जास्त नुकसान करणारा भाग म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीला जाणारा मेणकागदाचा कंडेन्सर. ६व्ही६ या आउटपुट व्हॉल्व्हचे नेहमीचे आकडे घ्या: प्लेट आणि स्क्रीन २५० व्होल्ट, ग्रिड उणे १२.५ व्होल्ट, प्लेट करंट ४५ मिलीअँपिअर, स्क्रीन ४.५, लोड ५,००० ओहम, आउटपुट ४.५ वॅट. कॅथोडमधून ४९.५ मिलीअँपिअर जातात, म्हणून १२.५ व्होल्टच्या बायससाठी (ग्रिडच्या उणे व्होल्टेजसाठी) २५० ओहमचा रेझिस्टन्स लागतो. इथपर्यंत सगळं कुठल्याही व्हॉल्व्ह मॅन्युअलमध्ये सापडतं.

पुढचा हिशोब रेडिओट्रॉनच्या शिस्तीने करावा. आधीच्या टप्प्याच्या प्लेटवर १२० व्होल्ट आहेत, ग्रिड लीक (ग्रिडपासून चॅसीला जाणारा रेझिस्टन्स) ४७० किलोओहम आहे आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जुना होऊन त्याची गळती २० मेगओहम झाली आहे. साधं मीटर २० मेगओहमला 'चांगला' म्हणतं. ग्रिडवर मात्र सुमारे २.८ व्होल्ट धन येतात. ६व्ही६चा म्युच्युअल कंडक्टन्स (ग्रिडच्या एका व्होल्टमागे प्लेट करंट किती बदलतो तो आकडा) ४.१ मिलीअँपिअर प्रति व्होल्ट आहे, म्हणजे बायस ठरावीक असता तर करंट ११ मिलीअँपिअरने वाढला असता. कॅथोड रेझिस्टन्समुळे ही वाढ निम्म्यावर येते. गळती ५ मेगओहमवर आली की ग्रिडवर १० व्होल्ट येतात. मग प्लेट लाल होते, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी जळते आणि रेक्टिफायरही दमतो. बदललेला नवा व्हॉल्व्ह पुन्हा तसाच मरतो.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. सेट पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर डीसी व्होल्टेज मोजा, मीटर १० मेगओहम इनपुटचा हवा. धन व्होल्टेज दिसलं तर कंडेन्सरचं एक टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. ते नाहीसं झालं तर दोष कंडेन्सरचा. राहिलं तर व्हॉल्व्हमध्ये वायू शिरला आहे किंवा ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडत आहे, व्हॉल्व्ह बदलावा लागेल. नवा कंडेन्सर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा टाकावा. ग्रिड लीक वाढवून १ मेगओहम करण्याचा मोह टाळावा. कॅथोड बायसमध्ये ६व्ही६ला जास्तीत जास्त अर्धा मेगओहम चालतो. त्यापुढे व्हॉल्व्हचा स्वतःचा ग्रिड करंटच बायस खाली ओढतो.

स्पीकर बदलतानाही हाच भाग कामाला येतो. ५,००० ओहम लोडसाठी ४ ओहमच्या स्पीकरला वेढ्यांचं गुणोत्तर सुमारे ३५ ला १ लागतं, ८ ओहमला २५ ला १. जुन्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी बहुधा ३ ओहमच्या आसपासच्या स्पीकरसाठी असते. तिच्यावर ८ ओहमचा स्पीकर लावला की व्हॉल्व्हला १२-१३ हजार ओहमचा लोड दिसतो. आवाज येतो, पण ताकद घटते आणि पेंटोड किंवा ६व्ही६सारखा बीम टेट्रोड असल्यामुळे विकृती वाढते. एकविसावं प्रकरण याच जोडणीवर, म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या जाळ्यावर आहे. संपूर्ण पुस्तकात इतकं उपयोगी आणि इतकं कमी वाचलं जाणारं दुसरं प्रकरण नसेल.

पॉवर सप्लाय: ५० सायकल आणि ६० सायकल

बहुतेक नावाजलेली जुनी पुस्तकं अमेरिकेची, त्यामुळे त्यांचे तक्ते ६० सायकलच्या (म्हणजे ६० हर्ट्झच्या) मेनवर बेतलेले असतात. रेडिओट्रॉन ऑस्ट्रेलियात लिहिलं गेलं, जिथे मेन ५० सायकलचा आहे. ५० सायकलवर काम करणाऱ्या वाचकाला हा फरक किती पडतो ते आकड्यांतच दिसतं.

सेट ७० मिलीअँपिअर घेतो, फुल-वेव्ह रेक्टिफायर आहे आणि पहिला कंडेन्सर १६ मायक्रोफॅरडचा. ५० सायकलवर रिपल (डीसीवर उरणारी लाट) १०० सायकलचा, आणि ढोबळ हिशोबाने टोकापासून टोकापर्यंत ४४ व्होल्टच्या आसपास. पुढे १० हेन्रीचा चोक (लोखंडी गाभ्याची कॉइल) आणि आणखी १६ मायक्रोफॅरड लावले की तो ६२ पट कमी होतो, म्हणजे ०.७ व्होल्ट. हेच भाग ६० सायकलवर ९० पट कमी करतात आणि सुरुवातीचा रिपलही लहान असतो. म्हणून अमेरिकन आकृतीवरून जसाच्या तसा बांधलेला सप्लाय ५० सायकलवर जास्त गुणगुणतो. भाग चांगले असतात, हिशोब दुसऱ्या मेनचा असतो.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळताना हा फरक नुसत्या गुणगुणण्यावर थांबत नाही. १ चौरस इंच गाभा आणि १ टेस्ला फ्लक्स धरला तर ५० सायकलवर व्होल्टमागे ७ वेढे लागतात, ६० वर ५.८. पत्र्यांमधल्या फटींसाठी ०.९ चा गुणक धरला की ५० सायकलचा आकडा ७.७५ होतो. ६० सायकलसाठीचे वेढे ५० वर वापरले तर फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो, गाभा संपृक्त होऊ लागतो, लोड नसतानाही करंट चढतो आणि ट्रान्सफॉर्मर रिकामाच तापतो. जुन्या पुस्तकांत फ्लक्स 'लाइन्स प्रति चौरस इंच' असा दिलेला असतो. ६४,५०० लाइन्स म्हणजे १ टेस्ला, एवढं ध्यानात असलं की पाचवं प्रकरण सरळ वाचता येतं.

याच विभागात दुरुस्तीतल्या एका लोकप्रिय चुकीचं उत्तर आहे. हम (स्पीकरमधली गुणगुण) कमी व्हावा म्हणून पहिल्या १६ मायक्रोफॅरडच्या जागी १०० मायक्रोफॅरड टाकणं. हम कमी होतो खरा, पण रेक्टिफायर व्हॉल्व्हला आता तोच सरासरी करंट फार थोड्या वेळात, उंच झटक्यांनी द्यावा लागतो. झटका व्हॉल्व्हच्या मर्यादेपलीकडे गेला की आत ठिणगी पडते किंवा कॅथोड झिजतो. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरीही जास्त तापते. ८ च्या जागी १०, १६ च्या जागी २२, इथे थांबावं. वाढवायचाच असेल तर चोकनंतरचा कंडेन्सर वाढवावा, तिथे रेक्टिफायरवर तसा ताण पडत नाही.

ट्रॅकिंग

पंचविसावं प्रकरण फ्रिक्वेन्सी कन्व्हर्शन आणि ट्रॅकिंगचं. केवळ या प्रकरणासाठी पुस्तक विकत घ्यावं. आय.एफ. (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी, जिच्यावर सेट प्रत्येक स्टेशन आणतो) ४५५ किलोहर्ट्झ असताना सिग्नलची कॉइल ५३० ते १६०० फिरते आणि सेटमधला ऑसिलेटर त्याहून ४५५ ने वर, ९८५ ते २०५५. पहिल्याचं गुणोत्तर तिपटीचं, म्हणजे कपॅसिटी नऊपट बदलायला हवी. दुसऱ्याचं जेमतेम दुप्पट, तिथे ४.३५ पट पुरे. दोन्ही गँग मात्र एकाच दांड्यावर आणि सारख्याच. ही तफावत पॅडर (ऑसिलेटरच्या गँगशी मालिकेत जोडलेला कंडेन्सर) मिटवतो, तीही सगळीकडे नाही, डायलवर फक्त तीन जागी अगदी बरोबर. त्या जागा कशा निवडायच्या आणि मधल्या भागात किती चूक राहते याचा पूर्ण हिशोब इथे आहे. तो एकदा हाताने केला की लाइन-अप (सेटची जुळवणी) करताना कुठला स्क्रू का फिरवतो हे कळतं.

लाइन-अप करताना सिग्नल जनरेटर ४५५ वर ठेवून ०.१ मायक्रोफॅरडमधून कन्व्हर्टरच्या (फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला द्या. ऑसिलेटर थांबवण्यासाठी त्याची गँग शॉर्ट करा. शेवटच्या आय.एफ. कॅनपासून (आय.एफ. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यापासून) मागे पहिल्याकडे या. सिग्नल जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवा. जास्त सिग्नल दिला की ए.व्ही.सी. (आवाज आपोआप सारखा ठेवणारी व्यवस्था) काम करू लागतो, शिखर चपटं होतं आणि कोअर कुठेही ठेवला तरी सारखाच वाटतो. आय.एफ. बसला की शॉर्ट काढा, वर १४०० ला ऑसिलेटरचा ट्रिमर आणि मग अँटेनाचा, खाली ६०० ला पॅडर. पॅडर फिरवताना गँग थोडी पुढेमागे हलवत सर्वांत जोरदार जागा शोधायची, कारण तिथे पॅडर आणि डायल दोन्ही एकमेकांना ओढतात. दोन्ही टोकं एकमेकांना बिघडवतात, म्हणून बदल जाणवेनासा होईपर्यंत वर-खाली करत राहावं. कोअर मेणाने अडकला असेल तर जोर लावू नये, आधी हळू उष्णता द्यावी. फुटलेला फेराइट कोअर काढणं कॅन बदलण्यापेक्षा जास्त वेळखाऊ असतं.

६०० किलोहर्ट्झवर भलतंच स्टेशन ऐकू आलं तर १५१० तपासा. ९१० किलोहर्ट्झच्या, म्हणजे आय.एफ.च्या दुपटीच्या अंतरावरची प्रतिमा असते ती.

जिथे पुस्तक कमी पडतं

ट्रान्झिस्टर यात नाही. १९४८ मध्ये त्याची जाहीर घोषणा झाली होती, पण हे पुस्तक पूर्णपणे व्हॉल्व्हचं आहे. ज्याला ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करायचे आहेत त्याला इथे कॉइल, ट्यून्ड सर्किट आणि ट्रॅकिंगची प्रकरणं तेवढी कामाची.

रेकॉर्डवरचं सतरावं प्रकरण आरआयएएच्या, म्हणजे अमेरिकन रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेच्या प्रमाण वक्रापूर्वीचं आहे. रेकॉर्ड कापताना खालचे-वरचे स्वर किती कमी-जास्त करायचे ते हा वक्र ठरवतो. आरआयएएचा समान वक्र १९५४ चा, ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंदांचा. त्याआधी प्रत्येक कंपनीचा वक्र वेगळा होता आणि पुस्तकात तोच काळ आहे. एलपीसाठी प्रीअँप्लिफायर बांधणाऱ्याने इथले आकडे घेऊ नयेत. ७८ च्या तबकड्या ऐकणाऱ्याला मात्र हेच प्रकरण सोन्यासारखं आहे, कारण नंतरच्या पुस्तकांनी ते जुने वक्र गाळून टाकले.

सुरक्षेचा विचार त्या काळचा आहे, आणि हे या पुस्तकापुरतं नाही. त्या पिढीच्या आकृत्यांत मेनपासून चॅसीपर्यंत साधा कागदाचा कंडेन्सर सर्रास दिसतो. तिथे आज फक्त वाय वर्गाचा सुरक्षा कंडेन्सर चालतो आणि मेनच्या दोन तारांच्या मध्ये एक्स वर्गाचा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटची चॅसी प्लग उलटा बसला की थेट फेजवर जाते, म्हणून टेबलावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असल्याशिवाय त्याला हात लावू नये. दुरुस्तीच्या जुन्या पुस्तकांत संपर्क साफ करायला कार्बन टेट्राक्लोराइड सुचवलेलं असतं. ते यकृताला घातक आहे, वापरू नये. सेलेनियम रेक्टिफायर जळाल्यावर येणारा धूरही विषारी असतो. तो वास आला की सेट बंद करून खिडक्या उघडायच्या आणि रेक्टिफायर काढून टाकायचा.

नवशिक्याला हे पुस्तक देऊ नये. ओहमच्या नियमासारख्या मूळ गोष्टी इथे उजळणीपुरत्याच येतात, त्या आधीच माहीत आहेत असं धरलं जातं. आधी अमेरिकन नौदलासाठी तयार झालेली चित्रमय बेसिक इलेक्ट्रिसिटी किंवा तत्सम पुस्तक वाचावं. पण त्यांत करंट इलेक्ट्रॉनच्या दिशेने, उणेकडून धनाकडे दाखवलेला असतो. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत उलट. दोन्ही एकाच वेळी वाचली की उजव्या आणि डाव्या हाताचे नियम उलटसुलट होतात. पहिल्या पानावर दिशा कोणती ते पाहून वहीत लिहून ठेवावं. नुसती व्हॉल्व्हची माहिती हवी असेल तर आरसीएचं रिसीव्हिंग ट्यूब मॅन्युअल हाताळायला सोपं पडतं. खोल सिद्धान्तासाठी टर्मनचं १९३२ चं रेडिओ इंजिनिअरिंग अजून सरस आहे. एआरआरएल या अमेरिकेच्या हौशी रेडिओ संघटनेचं हँडबुक १९२६ पासून नवनव्या आवृत्त्यांत निघत आलं आहे, तेव्हा ते घेताना वर्ष बघावं. व्हॉल्व्हसाठी १९५० च्या दशकातली प्रत शोधावी.

एककं आणि खुणा

जुनं पुस्तक वाचताना सर्वांत जास्त वेळ इथे जातो. मायक्रोमायक्रोफॅरड म्हणजे आजचा पिकोफॅरड, आणि अमेरिकन आकृतीत तोच 'एमएमएफ' असा दिसतो. मेगासायकल म्हणजे मेगाहर्ट्झ. म्युच्युअल कंडक्टन्स मायक्रोम्होमध्ये असेल तर १,००० ने भागून मिलीअँपिअर प्रति व्होल्ट मिळतो. जुन्या जर्मन आकृत्यांत कंडेन्सर सेंटिमीटरमध्ये लिहिलेला असतो, १ सेंटिमीटर म्हणजे १.१ पिकोफॅरड.

सगळ्यात फसवं अक्षर 'एम'. काही जुन्या अमेरिकन आकृत्यांत रेझिस्टन्ससमोरचा एम हजाराचा असतो, रोमन आकड्याप्रमाणे. '५० एम' म्हणजे ५० किलोओहम. दशलक्षासाठी ते 'मेग' लिहितात. हे माहीत नसताना प्लेट लोडला ५० मेगओहम शोधायला निघालेला माणूस दिवस घालवतो. रेझिस्टन्सवरचे रंगही जुन्या पद्धतीचे असू शकतात: अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा दुसरा, ठिपक्याचा शून्यांची संख्या. हिरवं अंग, काळं टोक, पिवळा ठिपका म्हणजे ५०० किलोओहम.

सर्व्हिस शीटवरची व्होल्टेजही डोळे मिटून घेऊ नयेत. बरीचशी १,००० ओहम प्रति व्होल्टच्या मीटरने मोजलेली असतात. २५० व्होल्टच्या रेंजवर असं मीटर २५० किलोओहमचा लोड बनतं. २२० किलोओहमच्या प्लेट लोडच्या ट्रायोडवर खरं व्होल्टेज १०० असेल तर ते ८० च्या आसपास दाखवतं. शीटवर ८० छापलं आहे आणि डिजिटल मीटर १०० दाखवतं म्हणून व्हॉल्व्ह काढून टाकण्याची गरज नाही.

कुठली प्रत घ्यावी

जुनी कागदी प्रत घेताना आधी सांधा बघा. दीड हजार पानांचं वजन कणा आणि पुठ्ठ्याच्या जोडावर पडतं आणि तो जोड तिथेच फाटतो. पुस्तक उभं धरून पुठ्ठा हलवला आणि आतली पानं वेगळी लोंबली तर बांधणी नव्याने करावी लागेल. मग शेवटचं अडतिसावं प्रकरण आणि सूची पानोपानी बघा, कारण तक्ते सर्वांत जास्त उघडले जातात आणि सर्वांत आधी सुटतात. तपकिरी पडलेले कागद चालतात. बुरशीचा वास असेल तर दोन आठवडे वेगळ्या कोरड्या जागी ठेवूनच बाकीच्या पुस्तकांत मिसळावं. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडते आणि तिचा डिंक छपाईत उतरतो. गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावावा.

१९९७ चं पुनर्मुद्रण रोजच्या वापराला योग्य, कारण त्याच्यावर सोल्डरचा थेंब पडला तरी जीव तुटत नाही. फक्त घेण्याआधी त्यातला एखादा बारीक आलेख उघडून बघावा. दाट जाळीच्या आलेखातल्या रेघा एकमेकींना चिकटल्या असतील तर त्या आलेखावरून वाचलेल्या आकड्यावर विसंबू नये.

स्कॅन शोधायला उत्तम, आकड्यांसाठी धोकादायक. अक्षरओळख करणारं सॉफ्टवेअर मायक्रोची खूण 'यू' किंवा 'पी' करतं आणि बिनशून्याचा दशांश गाळतं. '.०१' चा '०१' होतो. त्याहून वाईट गोष्ट काळ्यापांढऱ्या स्कॅनच्या दाबण्यात घडते. जेबीआयजी-२ पद्धतीच्या एका प्रकारात सारखे दिसणारे आकडे एकाच साच्याने बदलले जातात, आणि ६ चा ८ स्वच्छ, ठळक, बिनसंशयाचा छापला जातो. २०१३ मध्ये कार्यालयीन स्कॅनरमध्ये हे उघडकीस आलं. म्हणून तक्त्यातला आकडा स्कॅनवरून घेतला तर शेजारच्या ओळींशी पडताळावा: क्रम मोडला की शंका घ्यावी.

आलेख-तक्ते आणि नोमोग्राम (पट्ट्यांवर सरळ रेघ टाकून उत्तर वाचायचे तक्ते) स्कॅनवरून वापरायचे असतील तर आधी माहीत असलेल्या आकड्यांनी तपासावेत. १ मायक्रोफॅरड ५० सायकलला ३,१८३ ओहम. १०० पिकोफॅरड १ मेगासायकलला १,५९२ ओहम. २५० मायक्रोहेन्री आणि १०० पिकोफॅरड मिळून १,००७ किलोसायकल. पानं लहान-मोठी छापली गेली तरी नोमोग्राम बिघडत नाही, कारण सगळ्या पट्ट्या एकाच प्रमाणात बदलतात. पण कण्याजवळ पान वळलेलं असेल तर एखादी पट्टी वाकते आणि रेघ चुकीच्या जागी पडते. तिन्ही चाचण्या बरोबर आल्या तरच तो तक्ता छापून भिंतीला लावावा.

स्वतः स्कॅन करायचं असेल तर पुस्तक सपाट दाबू नका, सांधा जाईल. शंभर-एकशेदहा अंशांत उघडणाऱ्या पाळण्यात ठेवून वरून, कॅमेरा पानाला काटकोनात धरून फोटो घ्या. मजकुराला ३०० डीपीआयचा ग्रेस्केल पुरतो, आलेखांना ६०० लागतो. काळ्यापांढऱ्यात साठवायचंच असेल तर बिनहानीची पद्धत निवडा आणि मूळ फोटो पुसू नका.